लाखेच्या तबकडीचा धनी

लिंबागणेशसारख्या गावात जुनी गाणी दिवाणखान्यातल्या ग्रामोफोनवर वाजली नाहीत, भोंग्यावर वाजली. बीड तालुक्यातलं हे भालचंद्र गणपतीचं गाव. भाद्रपदातला उत्सव असो की कुणाच्या लेकीचा मांडव, लाऊडस्पीकरवाला बॅटरी आणि पत्र्याची पेटी घेऊन यायचा, झाडाच्या फांदीला भोंगा बांधायचा आणि गणपतीच्या गाण्याने सुरुवात करून रात्री लावण्यांवर यायचा. पेटीतल्या तबकड्यांवर त्याने स्वतःच्या हाताने घातलेले नंबर, कडेला उडालेले टवके, लोकांच्या आवडत्या गाण्यावर सुई फिरून फिरून पांढरट पडलेल्या खाचा. मराठवाड्यात जुन्या तबकड्या शोधायच्या तर वाड्यांतल्या कपाटांआधी या पेट्या उघडाव्यात.

आता अशी पेटी नातवाच्या हाती लागली की तो गाणं मोबाइलवर उतरवून घेतो आणि इंटरनेटवर चढवतो. काही मिनिटांत निरोप येतो की या ध्वनिमुद्रणाचा मालक दुसरा आहे. मी चढवलेल्या, शंभरीला टेकलेल्या एका नाट्यपदावरही असाच दावा लागला. दावेदार कंपनीच्या कोणा माणसाने ते ऐकलंही नसेल. यंत्राने आवाजाशी आवाज जुळवला आणि शिक्का मारला. पद लिहिणारे गेले, चाल बांधणारे गेले, गाणारे गेले. तरी धनी आहेच म्हणे. तो कोण आणि त्याची सनद कुठली, हे पाहायला हवं.

त्यासाठी आधी तबकडी हातात घ्या. दहा इंची, जड, पडली तर फुटणारी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचं गाणं. ती बनते लाखेपासून, आणि जगभरच्या कारखान्यांना ही लाख मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानच पुरवत असे. लेबलवर कंपनीची खूण, गायकाचं नाव, नाटक किंवा राग, विक्रीचा क्रमांक. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर, तबकडी उजेडात तिरपी धरली तर, आणखी एक बारीक आकडा कोरलेला दिसतो. तो मूळ साच्याचा. लेबल बदलतं, तेच गाणं दुसऱ्या खुणेखाली पुन्हा बाजारात येतं, पण हा आकडा सहसा बदलत नाही. संग्राहक लेबलपेक्षा त्याच्यावर भरवसा ठेवतात, आणि कायद्याचीही सुरुवात तिथूनच होते.

१९११ चा ब्रिटिश कॉपीराइट कायदा १९१४ साली थोड्या फेरफाराने ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. मूळ साचा तयार झाला तेव्हा तो ज्याच्या मालकीचा, तोच त्या ध्वनिमुद्रणाचा कर्ता, असं हा कायदा सांगत होता. मुदत साचा केल्यापासून ५० वर्षं. म्हणजे बालगंधर्वांच्या तबकडीचे कर्ते बालगंधर्व नव्हेत, ग्रामोफोन कंपनी. गायक त्या चित्रात नव्हताच. गाणाऱ्याला स्वतःच्या गाण्यावर कसलाही हक्क भारतीय कायद्याने दिला तो १९९४ च्या दुरुस्तीत. बालगंधर्वांना जाऊन तेव्हा २७ वर्षं झाली होती.

गायकाचं नाव मात्र कंपनीला हवं होतं. तिचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात आला, गौहर जानचं गाणं मेणावर घेतलं, आणि ती मेणं तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला गेली. तिथल्या कारागिरांना कुठलं गाणं कोणाचं हे कळावं म्हणून गाणं संपताच गायक आपलं नाव मोठ्याने सांगायचे. लोकांना तो नखरा वाटला. होती ती मालावरची चिठ्ठी.

या कंपनीचं पुढे काय झालं, हेही बघू. १९३१ साली ती आणि कोलंबिया एकत्र येऊन लंडनची ईएमआय झाली. कोलंबियाने त्याआधी ओडियनवाल्या जर्मन उद्योगाला ताब्यात घेतलं होतं, त्यामुळे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिशीच्या दशकात ओडियनला दिलेली गाणीही याच घरात आली. १९४६ साली ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ती गोएंकांच्या आरपीजी समूहाकडे गेली, २००० साली तिचं नाव सारेगामा झालं. ही साखळी सलग आहे. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन या खुणांच्या तबकड्यांचा वारस शोधायला कोर्टात जायची गरज नाही.

पण वारस असणं वेगळं आणि हक्क शिल्लक असणं वेगळं. इथेच लोकांची गल्लत होते, आणि कंपन्यांना ती सोयीची पडते.

तबकडीचा सातबारा काढला तर त्यावर तीन नावं निघतात: शब्दांचा धनी, चालीचा धनी आणि ध्वनिमुद्रणाचा धनी. तिघांची मुदत निरनिराळी. १९५७ च्या कायद्याप्रमाणे शब्द आणि चाल कर्त्याच्या मृत्यूनंतर ठरावीक वर्षं राखीव, तर ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीच्या पुढल्या वर्षापासून मोजायची. दोन्हीकडे आधी ५० वर्षं होती, आता ६० आहेत. 'स्वयंवर' नाटक १९१६ चं. चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ते १९२२ साली गेले. पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. ते १९४८ साली गेले, म्हणून शब्दांचा हक्क २००८ च्या अखेरीस संपला. विशीच्या दशकातल्या तबकडीचा हक्क तर सत्तरीतच गेला होता. आज 'स्वयंवर'च्या त्या तबकड्यांच्या सातबाऱ्यावर भारतात कोणाचंच नाव नाही.

'गीतरामायणा'ची गोष्ट याच्या उलटी. पुणे आकाशवाणीवरून ते १९५५-५६ साली प्रसारित झालं. माडगूळकर १९७७ साली गेले, शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत राखीव. सुधीर फडके २००२ साली गेले, चाली २०६२ पर्यंत. म्हणजे त्या काळची एखादी तबकडी म्हणून मोकळी असेल, गीत म्हणून नाही. गणेशोत्सवात ती लावणाऱ्या मंडळाला हे कोणी समजावून सांगत नाही, थेट नोटीस येते.

मुदत ५० ची ६० झाली त्यालाही एक किस्सा आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क ३१ डिसेंबर १९९१ रोजी संपणार होता. विश्वभारतीच्या हातून तो जाऊ नये म्हणून सरकारने २८ डिसेंबर १९९१ पासून मुदतवाढ लागू केली, अवघे तीन दिवस शिल्लक असताना. तबकड्यांनाही त्यात आयती दहा वर्षं मिळाली. ज्यांची मुदत आधीच सरली होती, त्यांचा हक्क मात्र पुन्हा जिवंत झाला नाही.

चालीचा धनी कोण, हा जॅझवाल्यांचा गोंधळ आपल्याहून जुना. ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी व्हिक्टर कंपनीसाठी जे मुद्रण केलं, ती पहिली जॅझ तबकडी मानतात. त्याच वर्षी तिच्या एका बाजूवरच्या 'लिव्हरी स्टेबल ब्लूज'च्या चालीवरून वादक शिकागोच्या कोर्टात भांडले. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंना हात हलवत परत पाठवलं. चाल कोणाचीच ठरली नाही. मराठी रंगभूमीवर हा खटला उभा राहिला असता तर? किर्लोस्करांच्या चालींत कीर्तन, लावणी आणि कानडी पदं, गोविंदराव टेंब्यांच्या 'मानापमाना'त पूरबची ठुमरी. साक्षीदार बनारसपासून धारवाडपर्यंतून आणावे लागले असते.

अमेरिकेचा कायदा मात्र आपल्या अंगावर येतो, आणि नातवाच्या मोबाइलवर आलेला निरोप बऱ्याच अंशी त्याचीच करणी. १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना तिथे २०१८ पर्यंत केंद्रीय कायद्याची मुदतच नव्हती, प्रत्येक राज्याचा कारभार निराळा. २०१८ च्या कायद्याने १९२३ पूर्वीची सारी मुद्रणं १ जानेवारी २०२२ ला मोकळी केली. १९२३ ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्यांना १०० वर्षं दिली. म्हणजे १९३० ची एखादी तबकडी भारतात १९८० च्या सुमारास मोकळी झाली, तरी अमेरिकेत तिच्यावर २०३० च्या अखेरपर्यंत दावा लागू शकतो. आपण गाणं चढवतो लिंबागणेशहून, पण ते बसतं अमेरिकी कंपनीच्या दुकानात.

या अमेरिकी मुदतीची गंमत अंतराळातही दिसते. १९७७ साली 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सोनेरी तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि लुई आर्मस्ट्राँगची १९२७ ची 'मेलँकली ब्लूज'सुद्धा. रेकॉर्डिंगच्या नावाने नाक मुरडणाऱ्या बाईंचा आवाज आंतरतारकीय अवकाशात पोचला. आर्मस्ट्राँगचं ते गाणं मात्र अमेरिकेत मोकळं व्हायला १ जानेवारी २०२८ उजाडावं लागेल.

मुंबईच्या जॅझमध्येही मराठी माणसाचा हात होता. आल्दोन्याचे आंतोनियु शाव्हियेर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, चाळिशीच्या दशकात कोलंबियासाठी वाजवत होते आणि पुण्तांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, साहाय्यकही होते. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटाच्या तबकड्यांचा हक्क २०११ अखेर संपला. चालींचा २०४२ पर्यंत चालेल, कारण सी. रामचंद्र १९८२ साली गेले. गीतकार राजेंद्र कृष्ण १९८७ साली, म्हणून शब्द २०४७ पर्यंत. पण त्या चाली तरी सी. रामचंद्रांच्या कुठे होत्या? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की करार वेगळा नसेल तर पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रपटसंगीताचा मालक निर्माता. न्या. कृष्णा अय्यरांनी त्याच निकालाला जोडून गायकांच्या उपेक्षेबद्दल हळहळ व्यक्त केली, पण हळहळीने रॉयल्टी मिळत नाही. लता मंगेशकर साठच्या दशकात तिच्यासाठी भांडल्या, त्यापायी रफींबरोबरचं गाणं काही वर्षं बंद पडलं. गीतकार-संगीतकारांचा वाटा कराराने काढून घेता येणार नाही, असं २०१२ च्या दुरुस्तीत आलं. ट्रम्पेटवाल्याचं नाव याही कागदावर आलं नाही.

मला यात सर्वांत जास्त खुपते ती 'यंग इंडिया'ची कथा. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हे मुंबईचं देशी साहस, १९३५ ते १९५५. नवोदितांना, हौशी गाणाऱ्यांना, परदेशी कंपन्यांनी दारात उभं न केलेल्यांना तिने संधी दिली. कंपनी बंद पडली आणि तिचा माल एलपीवर, कॅसेटवर, सीडीवर कशावरच पुन्हा आला नाही. मालक नाही म्हणून दावा नाही, आणि मालक नाही म्हणून जपणूकही नाही. अखेर मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सुरेश चांदवणकरांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर करून घेतलं. स्वदेशीच्या नावाने निघालेल्या कंपनीच्या गाण्यांच्या प्रती आज लंडनला आहेत. त्यांचे आभारच मानायचे, पण महाराष्ट्र सरकारने हे काम स्वतःच्या खर्चाने करायला हवं होतं.

हक्कावर डोळा ठेवणाऱ्या कंपन्या मुदत संपलेला मालही आपलाच म्हणून मिरवतात, हा माझा आक्षेप आहे. त्यांनी आवाज साफ करून काढलेली नवी प्रत ही त्यांची मेहनत. ती उचलून चढवू नये. पण मूळ तबकडी तुमच्या घरातली असेल आणि तिन्ही मुदती सरल्या असतील, तर तिच्यावरून केलेली नक्कल भारतात कोणाची देणेकरी नाही. दावा आला तर घाबरून गाणं काढू नका. प्रसिद्धीचं साल, तबकडीचा क्रमांक, गीतकार-संगीतकारांची मृत्युवर्षं लिहून हरकत घ्या. साल ठाऊक नसेल तर साच्याचा आकडा संग्राहकांना कळवा, ते बहुधा शोधून देतात.

लिंबागणेश, नेकनूर, पाटोदा या पट्ट्यात कोणाकडे लाऊडस्पीकरवाल्याची जुनी पेटी असेल तर ती भंगारात घालू नका. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. उन्हात ठेवू नका, लाख वाकते. लेबलचा आणि कोरलेल्या आकड्याचा फोटो काढून यादी करा. १९६४ साली निघालेल्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला आहे, १९६५ च्या तबकडीच्या हक्काची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२५.