खाडीकाठची चर्च आणि चिखलातले पक्षी

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील जुनी चर्च आणि तिथल्या खाड्यांमधील वन्यजीव हे छायाचित्रणाचे दोन वेगळे विषय मानले जातात. पहिल्याकडे इतिहासाचे अभ्यासक वळतात, दुसऱ्याकडे पक्षिनिरीक्षक, आणि दोघांची गाठ क्वचितच पडते. वास्तविक ही फारकत कृत्रिम आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आपली ठाणी नदी-खाडीच्या मुखांशी वसवली ती जहाजांच्या सोयीसाठी, आणि ज्या पाण्यातून व्यापार आला त्याच पाण्यातले शिंपले भाजून बांधकामाचा चुनाही होत असे. त्यामुळे एका दिवसाच्या फेरीत चर्च आणि खारफुटी, म्हणजे खाऱ्या पाण्यात तगणारे किनारी जंगल, ही दोन्ही टिपणे ही केवळ प्रवासाची काटकसर ठरत नाही. विषयच मुळात एक आहे.

याचे सर्वांत समृद्ध उदाहरण जुने गोवे येथे मांडवीच्या काठी सापडते. तेथील चर्च-समूहाला १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. त्यातील दोन प्रमुख वास्तू रस्त्याच्या दोन बाजूंना असून त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत, आणि छायाचित्रकाराचा दिवस त्यावरूनच आखला जातो. १५६२ मध्ये काम सुरू झालेले से कॅथेड्रल, म्हणजे आर्चबिशपचे पीठ असलेले मुख्य चर्च, पूर्वाभिमुख आहे. १७७६ मध्ये त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला, आणि उरलेल्या दक्षिणेकडील मनोऱ्याचा एकाकी उठाव सकाळच्या तिरप्या उन्हातच नीट दिसतो. बॉम जीझस बॅसिलिका (बांधकामाचा आरंभ १५९४, अभिषेक १६०५) पश्चिमाभिमुख असल्याने तिच्या दर्शनी भिंतीसाठी दुपार कलण्याची वाट पाहावी लागते. ही भिंत जांभ्याची असून तिचे कोरीव खांब वसईकडून आणलेल्या काळ्या पाषाणाचे आहेत. कलत्या उन्हात तांबडा जांभा उजळतो, तर काळा पाषाण प्रकाश गिळतो. म्हणून कॅमेऱ्याचे प्रकाशमापन केवळ जांभ्यावर केले, तर खांबांवरील नक्षी काळोखात हरवते. एकाच चौकटीची कमी-अधिक प्रकाशातील दोन-तीन छायाचित्रे घेऊन नंतर ती एकत्र करणे हा त्यावरचा रूढ उपाय आहे. उंच भिंत जवळून टिपताना कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वरच्या बाजूस एकमेकींकडे झुकतात; हा दोष टाळण्यासाठी मागे सरून कॅमेरा समतल ठेवणे हेच सर्वांत भरवशाचे.

सकाळ आणि कलती दुपार यांमधला वेळ पलीकडच्या काठाचा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरताच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागते. १९८८ मध्ये घोषित झालेले हे क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे, परंतु भरती-ओहोटीमुळे दर काही तासांनी त्याचे रूप पालटते. ओहोटीला चिखल उघडा पडला की तुतवार, चिखल्या आणि समुद्री बगळे तेथे चरायला उतरतात. खारफुटीच्या फांदीवर मानेभोवती पांढरा पट्टा असलेला निळा खंड्या बसतो. या वेळेचा अंदाज बांधण्यासाठी किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी भर दुपारी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास मात्र ओहोटी पहाटे आणि सायंकाळी येते. चर्चसाठी सकाळ आणि तिसरा प्रहर राखून चिखलासाठी दुपार मोकळी ठेवायची, तर अष्टमीच्या आगेमागचा दिवस सोयीचा ठरतो. पंचांग पाहून छायाचित्रणाचा बेत आखण्याचे हे एक अगदी व्यवहारी कारण.

पक्ष्यांच्या मागे धावताना पायाशी दिसणारी निवटी बहुधा दुर्लक्षित राहते, हे खेदाचे आहे. हा मासा पाण्याबाहेर, चिखलावर वावरतो. डोक्याच्या माथ्यावर वर आलेले त्याचे डोळे स्वतंत्रपणे फिरतात, छातीजवळच्या परांवर रेलून तो पुढे सरकतो आणि प्रतिस्पर्धी जवळ येताच पाठीवरचा पर ताडकन उभारतो. कॅमेरा जमिनीलगत, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला आणि काही काळ हालचाल केली नाही, तर बिळात दडलेली निवटी पुन्हा वर येते. याच पाण्याशी चर्चच्या खिडक्यांचेही नाते आहे. काच दुर्मीळ असताना गोव्यातील चर्च आणि घरे यांच्या खिडक्यांना चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे बसवले जात. तो जीव आज कायद्याने संरक्षित असून जुवारीच्या मुखाशी चिखली येथे तो अजून आढळतो.

महाराष्ट्रात हाच धागा वसईत पुढे जातो. १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलेले आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेले हे ठाणे आज छपराविना उभ्या चर्चच्या भिंतींसाठी ओळखले जाते. त्या भिंतींच्या कपारींत पोपटांची वस्ती आहे आणि तटाबाहेर खारफुटी. वसईच्या चर्चमधील घंटा मात्र वसईत नाहीत. त्या विजयानंतर अनेक घंटा देवळांत गेल्या, त्यांतील एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, तर एक भीमाशंकरला आहे. भीमाशंकरचे जंगल शेकरूसाठी, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या मोठ्या झाडखारीसाठी, राखलेले अभयारण्य असल्याने तेथे एकाच दिवसात वन्यजीव आणि चर्चचा अवशेष दोन्ही टिपता येतात. सह्याद्रीच्या माथ्यावर असा योग अन्यत्र मिळणे कठीण. रेवदंड्याचा पडका सातखणी मनोरा आणि मुरूडजवळचे फणसाड अभयारण्य ही जोडीही एका दिवसात बसणारी आहे.

या छायाचित्रांचे मोल सौंदर्यापुरते नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या छायाचित्रांत बॉम जीझसची भिंत गिलाव्याने पांढरी दिसते. तो गिलावा पुढे काढला गेला आणि सच्छिद्र जांभा दर पावसाळ्यात उघडा भिजू लागला. गिलावा पुन्हा करावा की नाही, हा वाद आजही चालू आहे, आणि दगडाची झीज किती झाली हे दाखवायला दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच उजेडात घेतलेल्या छायाचित्राइतका सोपा पुरावा दुसरा नाही. जुने गोवे येथीलच ४६ मीटर उंचीच्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या मनोऱ्याचा आज अर्धाच भाग उभा आहे, कारण त्या चर्चचा दर्शनी भाग १९३१ मध्ये कोसळला. खारफुटीची मागे सरणारी कडही अशीच वर्षानुवर्षांच्या चित्रांतून वाचता येते.

म्हणून हौशी छायाचित्रकारांनी प्रत्येक चित्रामागे दिनांक, वेळ, उभे राहण्याची जागा आणि खाडीकाठी असल्यास तिथी लिहून ठेवावी. प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये कॅमेरा उचलू नये, ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी, आणि घरट्याजवळचे चित्र कितीही मोहक असले तरी सोडून द्यावे.