स्मृतिभ्रंश आणि कौटुंबिक शुश्रूषा : लक्षण व दोषारोप यांतील गल्लत

बीजसंज्ञा : स्मृतिभ्रंश, अल्झायमर, म्हातारचळ, शुश्रूषा, कुटुंब, ज्येष्ठ नागरिक कायदा

प्रस्तावना

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी समाजात पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. वार्धक्यातील विसराळूपणा, हट्ट किंवा संशय यांना 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होण्याची सवयही तितकीच जुनी आहे. बुद्धीचा ऱ्हास हा वयाचाच धर्म होय, हे गृहीत या दोन्ही शब्दप्रयोगांत दडलेले आहे. वैद्यकशास्त्राने ते केव्हाच नाकारले. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत स्त्री-रुग्णाच्या मेंदूतील विकृती विद्वत्सभेपुढे मांडली व १९१० मध्ये एमिल क्रेपलिन यांनी या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. ती स्त्री रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांपैकी बहुतेकांची शुश्रूषा घरातच होते. या शुश्रूषेत आजाराचे लक्षण हाच अनेकदा शुश्रूषा करणाऱ्यावरील आरोप ठरतो. प्रस्तुत लेखात या अडचणीचा ऊहापोह केला आहे.

आजाराचे स्वरूप

स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नसून लक्षणसमूहाचे नाव आहे. सुमारे ६० ते ७० टक्के रुग्णांत त्याचे कारण अल्झायमर हे असते. मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे प्रमुख कारण होय. अल्झायमर पूर्णपणे बरा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. तथापि, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडची मंदावलेली क्रिया किंवा नैराश्य यांमुळेही तशीच लक्षणे दिसू शकतात आणि ती वेळीच उपचार केल्यास सुधारू शकतात. 'म्हातारचळ' म्हणून तपासणी टाळली गेली, तर अशा रुग्णाची बरे होण्याची संधीच हिरावली जाते.

लक्षण आणि दोषारोप

अल्झायमरमध्ये नव्या आठवणी साठवण्यास मदत करणारा मेंदूचा भाग प्रारंभीच बाधित होतो. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचे प्रसंग तपशीलवार सांगणाऱ्या सासूबाईंना तासापूर्वीचे जेवण आठवत नाही. त्या शेजारणीला सांगतात, "मला सकाळपासून उपाशी ठेवलंय." हे त्यांच्या दृष्टीने खोटे नसते, कारण जेवणाची नोंदच मनात झालेली नसते. मात्र शेजारीण व दूर राहणारी मुलगी यांच्यापुढे सून आरोपी ठरते. स्वतःच ठेवलेली पाटली सापडत नाही, तेव्हा चोरीचा आळ कामवाल्या बाईवर किंवा सुनेवर येतो. नातेवाइकांपुढे हीच व्यक्ती थोडा वेळ व्यवस्थित बोलू शकते. त्यामुळे घरच्यांचे सांगणे अतिशयोक्त वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहेन यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात वाराणसीतील अभ्यासाच्या आधारे दाखवले की, वृद्धाचे मानसिक दौर्बल्य भारतीय समाजात पुष्कळदा 'बिघडलेल्या कुटुंबा'ची खूण मानले जाते. आपल्याकडील अनुभव याहून फारसा वेगळा नाही. एकीकडे वयाला दोष देऊन रुग्ण उपचारांपासून दुरावतो, तर दुसरीकडे कुटुंबाला दोष देऊन शुश्रूषा करणारी व्यक्ती एकाकी पडते.

शुश्रूषेची दिशा

वर्तन हे लक्षण आहे असे मानले, की घरातील व्यवहार बदलतो.

१. वाद टाळावा. "आत्ताच तर जेवलात" असे पटवून देण्यापेक्षा थोडे ताक किंवा लाह्या देणे अधिक उपयुक्त ठरते.

२. दिवेलागणीला अनेक रुग्ण अस्वस्थ होतात व स्वतःच्याच घरात "मला घरी जायचंय" म्हणतात. या मागणीमागे बहुधा परिचित सुरक्षिततेची ओढ असते. दिवे लवकर लावणे, घराविषयी त्यांनाच बोलते करणे व लक्ष अन्यत्र वळवणे इष्ट होय.

३. दिनक्रम व वस्तूंच्या जागा शक्यतो बदलू नयेत. नाव व दूरध्वनी क्रमांक असलेली चिठ्ठी कपड्यांत असावी.

४. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक वाढल्यास तो मूळ आजाराचा भाग समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा औषधाचा दुष्परिणाम संभवतो; वैद्यकीय सल्ला त्वरित घ्यावा.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात संस्कृतचे वृद्ध विद्वान हत्तीच्या मागे जाऊन हरवतात. माहुताची पत्नी त्यांना ओळखत नाही; ती त्यांना लहान मुलासारखे सांभाळते. ते पूर्वी कोण होते हे तिला ठाऊक नसल्याने आज ते जसे आहेत तसे स्वीकारणे तिला जमते. घरच्यांना हे अवघड जाते, कारण त्यांना प्रत्येक दिवशी पूर्वीचा माणूस गमवावा लागतो. त्यांच्या चिडचिडीत हा शोकही मिसळलेला असतो.

कायदा आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ याने निर्वाहाची जबाबदारी सज्ञान मुलगा, मुलगी, नातू व नात यांच्यावर टाकली. मूळ व्याख्येत सुनेचा उल्लेख नाही. प्रत्यक्ष शुश्रूषा मात्र बहुतांशी पत्नी, सून किंवा मुलगी करते. जबाबदारी एकाची व श्रम दुसरीचे, अशी ही विभागणी आहे. शुश्रूषा करणारीला विश्रांती किंवा प्रशिक्षण मिळावे, याचा विचार या अधिनियमात आढळत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक उपचारांबाबत आगाऊ निर्देश देता येतात व प्रतिनिधी नेमता येतो. परंतु आगाऊ निर्देश निर्णयक्षमता शाबूत असतानाच द्यावे लागतात. म्हणून लवकर निदानाला कायदेशीर महत्त्वही आहे.

समारोप

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला औषधाइतकीच समजूतदार माणसांची गरज असते आणि त्या माणसांना विश्वासाची. नातेवाइकांनी तक्रार ऐकताच निष्कर्ष काढण्याऐवजी आठवड्यातून एक दिवस शुश्रूषेचा भार स्वतः उचलावा. एका दिवसात बरेचसे गैरसमज दूर होतील. महाविद्यालयांनाही राष्ट्रीय सेवा योजना, मानसशास्त्र व समाजशास्त्र विभागांमार्फत परिसरातील कुटुंबांपर्यंत ही माहिती नेता येईल. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन त्यासाठी सोयीचा आहे. 'म्हातारचळ' या शब्दाची जागा 'आजार' या शब्दाने घेतली, तर रुग्णाला उपचार मिळतील आणि त्याची काळजी घेणारीची आरोपातून सुटका होईल.