माहेरच्या बाळंतपणासाठी प्रवास केव्हा करावा?

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची प्रथा आजही अनेक घरांत पाळली जाते. मात्र माहेर आता शेजारच्या गावी राहिलेले नाही. दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नई येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबातील गर्भवतीला घर गाठण्यासाठी रेल्वेत एक अख्खा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ काढावा लागतो. त्यामुळे या प्रवासाची वेळ विचारपूर्वक ठरवणे आवश्यक असते.

गर्भारपणाचा साधारणपणे १४ ते २८ आठवड्यांचा काळ प्रवासास सर्वांत सोयीचा मानला जातो. मळमळ व उलट्या कमी झालेल्या असतात, गर्भपाताची शक्यता घटलेली असते आणि हालचालही फारशी अवघड झालेली नसते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून लेकीला माहेरी नेण्याची जुनी रीत या हिशेबात बरोबर बसते.

अडचण होते ती नोकरी करणाऱ्या स्त्रियांची. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. परंतु त्यातील ८ आठवड्यांहून अधिक रजा प्रसूतीपूर्वी घेता येत नाही. बाळासोबत अधिक दिवस राहता यावे म्हणून काहीजणी ती रजाही लांबवतात आणि थेट नवव्या महिन्यात गाडीत बसतात. ही काटकसर धोक्याची आहे. रजेचा अर्ज करण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून प्रवासाची तारीख निश्चित करावी आणि शिल्लक असलेली अन्य रजा त्यासाठी खर्ची घालावी.

रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, जुळी बाळे, वार गर्भाशयाच्या तोंडाशी असणे किंवा पूर्वीची अकाली प्रसूती, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय लांबचा प्रवास करू नये. अशा वेळी आईनेच लेकीकडे येऊन राहणे श्रेयस्कर.

रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित डब्यांत ज्येष्ठ नागरिक आणि ४५ वर्षांवरील महिलांसोबत गर्भवतींसाठीही खालचे काही बर्थ राखीव असतात. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन आरक्षण खिडकीवर जावे. वरचा बर्थ मिळालाच, तर गाडी सुटल्यानंतर रिकामा राहिलेला खालचा बर्थ तिकीट तपासनीसाकडे मागता येतो. बहुतेक विमान कंपन्या एकच बाळ असल्यास सुमारे ३६ आठवड्यांपर्यंत प्रवासास मुभा देतात. तथापि प्रमाणपत्र कोणत्या आठवड्यापासून लागते, याचे नियम कंपनीगणिक वेगळे असल्याने ते तिकीट काढण्यापूर्वीच पाहावेत.

वाहन कोणतेही असो, तासन् तास एका जागी बसून राहणे टाळावे. गर्भारपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पाय लोंबते ठेवून बसल्यास पोटरीच्या खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो. म्हणून दर तास-दोन तासांनी थोडे चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. डब्यातील स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी पिणे कमी करण्याची सवय पुष्कळ स्त्रियांना असते. ती गुठळीला आणि मूत्रमार्गाच्या संसर्गालाही आमंत्रण देते. मोटारीत सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न घेता पोटाखालून, मांड्यांच्या वर घ्यावा व दुसरा पट्टा स्तनांच्या मधून जाऊ द्यावा.

माहेरी गेल्यावर डॉक्टर बदलतात, हे पुष्कळदा लक्षात घेतले जात नाही. नव्या डॉक्टरांना आधीच्या सात-आठ महिन्यांची काहीच माहिती नसते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, हिमोग्लोबिन व रक्तदाबाच्या नोंदी, सोनोग्राफीचे अहवाल आणि चालू औषधांची चिठ्ठी सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावी. पोहोचल्यानंतर त्याच आठवड्यात तेथील रुग्णालयात नाव नोंदवावे.

वाटेत रक्तस्राव झाला, पाणी गेले, ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, डोके असह्य दुखून दृष्टी अंधूक झाली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तत्काळ तिकीट तपासनीसाला सांगावे अथवा १३९ क्रमांकावर संपर्क साधावा. वैद्यकीय मदत मिळेल अशा पुढील स्थानकावर उतरावे. तेथून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. माहेरचे स्थानक दोन-तीन तासांवर आले असले, तरी तोपर्यंत थांबू नये.