सरकारी धुराचा हिशेब

घरांतील कर्ता मनुष्य जमाखर्चाची वही ठेवितो, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. परंतु सरकारी कचेरीनें पैशाप्रमाणें धुराचाही हिशेब ठेवावा, असें म्हटल्यास पुष्कळांस नवल वाटेल. तो हिशेब कसा व कशासाठीं, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोळसा, तेल इत्यादि जळणापासून कर्बवायु निघतो व तो पृथ्वीची उष्णता कोंडून ठेवितो. हा वायु वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचें गणित स्वीडनचे शास्त्रज्ञ आऱ्हेनियस यांनीं 1896 सालींच मांडिलें होतें.

या हिशेबाचीं खातीं तीन. कचेरीच्या स्वतःच्या गाड्यांत जळलेलें तेल, हें पहिलें. विकत घेतलेली वीज, हें दुसरें. आणि तिच्या कामासाठीं ठेकेदार वगैरे इतरांनीं जें जाळिलें, तें तिसरें. एक लिटर डिझेलापासून सुमारें 2.7 किलो, तर आपल्या देशांत एक युनिट विजेमागें सुमारें 0.7 किलो कर्बवायु निघतो. बिलें हातीं आलीं कीं उरलें तें त्रैराशिक.

महाराष्ट्र सरकारनें 2021 सालच्या धोरणान्वयें आपल्या नव्या गाड्या विजेच्या घेण्याचें ठरविलें. हें चांगलेंच झालें. तथापि तेवढ्यानें खातें कोरें होत नाहीं. पहिल्या खात्यांतील तेल कमी होतें, तशी दुसऱ्या खात्यांतील वीज वाढते. आणि सोलापुरानजीक फताटेवाडीचें 1320 मेगावॉटचें वीजकेंद्र कोळशावरच चालतें. म्हणून तिन्ही खातीं एकत्र पाहिलीं पाहिजेत.

आमच्या नव्या पेठेचेंच पाहा. सोलापुरास उजनी धरणाचें पाणी शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीच्या नळानें, विजेचे पंप लावून येतें. समजा, वाटेंत पांचवा हिस्सा गळाला. तर घरीं शंभर घागरी पोंचविण्यास सव्वाशें उपसाव्या लागतील, व पंचवीस घागरींची वीज व्यर्थ जाईल. ज्या शहरानें वर्षानुवर्षे कांहीं दिवसांआड येणारें पाणी पिंपांत भरून ठेविलें, तेथें गळका सांधा बुजविणें हें तहान भागविण्याचें काम आहे, आणि हवा राखण्याचेंही.

प्रभु येशूंच्या एका दाखल्यांत धनी आपल्या कारभाऱ्यापाशीं हिशेब मागतो. सरकार हेंही प्रजेचें कारभारीच होय. पण हिशेब मागणाऱ्यास तो वाचतां आला पाहिजे. विद्यार्थ्यांनीं आपल्या घरच्या वीजबिलापासूनच आरंभ करावा.