पात्रता फेरीचा शनिवार

डावखुरा अर्जेंटिनी खेळाडू कोपऱ्याकडे धावतो आणि शेवटचे दोन मीटर नुसता घसरत जातो. पुढचा पाय आडवा, मागचा फरफटत, अंगाचा सगळा भार खाली. घसरण संपते त्याच क्षणी रॅकेट चेंडूला भिडते. मातीवर खर्र असा लांबट, कोरडा आवाज होतो. टीव्हीवर हा आवाज असा कधीच ऐकू येत नाही. पहिल्या रांगेत बसलं की तो अंगावर येतो, पाठोपाठ बारीक धूळही येते, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की आपल्या वहीची पानंसुद्धा लालसर झाली आहेत.

मी बसले आहे माँटे कार्लो कंट्री क्लबच्या एका बाजूच्या कोर्टापाशी. नाव माँटे कार्लोचं असलं तरी ही जमीन फ्रान्सची, रोकब्रून-काप-मार्तँ या गावची. मोनाकोतून चालत निघालं की सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. क्लब १९२८पासून या जागेवर आहे. स्पर्धा त्याहून जुनी, १८९७ची. डोंगर समुद्रात उतरतो त्या उतारावर एकाखाली एक अशी कोर्टं बसवली आहेत. त्यामुळे इथे बसून वर पाहिलं तर सरूची झाडं आणि मुख्य कोर्टाचे कठडे दिसतात, खाली पाहिलं तर एकदम निळं पाणी. एप्रिलचं ऊन चांगलं आहे, पण समुद्रावरून येणारा वारा थंड आहे आणि मध्येच दिशा बदलतो. दोघेही सर्व्हसाठी चेंडू वर फेकतात आणि पुन्हा हातात झेलतात.

आज शनिवार, पात्रता फेरीचा पहिला दिवस. मुख्य स्पर्धेत ५६ जण खेळणार. बहुतेकांना क्रमवारीने थेट प्रवेश आहे. उरलेल्या मोजक्या जागांसाठी ही मंडळी आज एक आणि उद्या एक असे दोन सामने जिंकायला आली आहेत. समोरचा इटालियन तिशी ओलांडलेला दिसतो. उजव्या हाताचा, एका हाताने बॅकहँड मारणारा. अर्जेंटिनी पोरगेला, खांदे रुंद, प्रत्येक गुणानंतर बुटांच्या तळव्यांवर रॅकेट आपटून माती झाडणारा. पहिला सेट इटालियनने ६-४ जिंकला, दुसरा अर्जेंटिनीने ६-३. आता तिसरा चालू आहे. बघ्यांत इटालियन जास्त, कारण सीमा गाडीने अर्ध्या तासाच्याही आत आहे. माझ्या शेजारी एक इटालियन आजोबा बसलेत. प्रत्येक गुणाला ते हलक्या आवाजात खेळाडूला सूचना देतात, जणू तो ऐकतोच आहे.

लाल माती म्हटली की आपल्याला तालीम आठवते. तिथली माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून मऊ राखतात, कारण तिच्यावर माणूस पडायचा असतो. इथली लाली मात्र मातीची नाहीच, भाजलेल्या विटांच्या भुग्याची आहे. आणि हा थर किती? जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याच्याखाली दाबून बसवलेली चुनखडीची पूड, तिच्याखाली जळक्या कोळशाची खर, मग खडी, मग मोठे दगड. खेळ चालतो तो खरा चुनखडीवर; वरचा भुगा घसरायला आणि रंगाला. चुनखडी पाणी धरून ठेवते, आणि कोर्टाचा सगळा जीव त्या ओलाव्यात असतो. कोरडं पडलं तर भुगा उडून जातो आणि पाय सटकतो. जास्त भिजलं तर चेंडू जड होऊन रेंगाळतो. म्हणूनच सेट संपला की चार माणसं जाळ्या ओढत कोर्टभर फिरतात, एक जण झाडूने रेषा मोकळ्या करतो आणि एक जण रबरी नळीने पाण्याचा बारीक फवारा मारतो. घाई असते, तरी कोपरे कोणी सोडत नाही.

या भुग्याची गोष्ट याच किनाऱ्यावरची. १८८०च्या सुमारास रेनशॉ हे टेनिसपटू बंधू कान शहरात टेनिस शिकवायला येत. उन्हात गवत जळायचं, म्हणून जवळच्या वालोरी गावातल्या कुंभारांची फुटकी भांडी कुटून त्यांनी कोर्टावर पसरली, असं सांगतात. कान इथून पश्चिमेला, तासाभराच्या अंतरावर आहे.

अर्जेंटिनीचा डाव साधा आहे आणि क्रूर आहे. डावीकडच्या चौकोनात सर्व्ह करताना तो चेंडू बाहेरच्या बाजूला, भरपूर फिरकी देऊन टाकतो. चेंडू पडतो, भुग्यात पकड घेतो आणि उडतो तो थेट इटालियनच्या कानापाशी. दोन हातांनी बॅकहँड मारणारा निदान वरून दाबू शकतो. एका हाताने मारणाऱ्याला खांद्याच्या वरचा चेंडू फार जड जातो. तो परत येतो खरा, पण तोकडा आणि उंच. मग अर्जेंटिनी पुढे सरकतो आणि मोकळ्या कोपऱ्यात फोरहँड मारतो. याच वाटेने याच क्लबमध्ये राफाएल नादालने अकरा विजेतेपदं नेली. त्यातली आठ सलग, २००५ ते २०१२. लागोपाठ ४६ सामने जिंकल्यावर २०१३च्या अंतिम फेरीत नोव्हाक जोकोविचने त्याला अडवलं. त्याच्याही आधी गिलेर्मो विलास हा डावखुरा अर्जेंटिनीच इथे १९७६ आणि १९८२मध्ये जिंकून गेला होता. शेजारच्या आजोबांना विलास आठवतो. माझ्या वहीत त्याचं नाव पाहून ते हातानेच त्याच्या फोरहँडची मोठी कमान काढून दाखवतात.

इटालियनने यावर शोधलेला उपाय म्हणजे मागे जाणं. सर्व्ह घ्यायला तो इतका मागे उभा राहतो की जाहिरातीच्या फळीला त्याची पाठ लागेल. तिथे चेंडू खाली येईपर्यंत वेळ मिळतो, पण तिथून मारून गुण मिळत नाही, फक्त रॅली लांबते. सोळा फटके, वीस फटके. सिमेंटच्या कोर्टावर जो फटका गुण घेऊन जातो, तो इथे परत येतो; तोच गुण पुन्हा जिंकावा लागतो, कधी तिसऱ्यांदाही. मला हे टेनिस सगळ्यात जास्त आवडतं. यात दमलेला माणूस काय निवडतो ते उघड दिसतं.

३-३. इटालियनला ब्रेक पॉइंट. लांब रॅलीनंतर तो बॅकहँड सरळ रेषेत मारतो. माझ्या डोळ्यांना चेंडू रेषेवर वाटतो. ध्वनिमुद्रित आवाज म्हणतो, आउट. इटालियन जाळीला वळसा घालून तिथवर जातो, वाकतो, रॅकेटच्या टोकाने चेंडूच्या ठशाभोवती गोल काढतो आणि अंपायरकडे पाहतो. अंपायर खुर्चीतून मान हलवतात. उतरत नाहीत.

काही वर्षांपूर्वी ते उतरले असते. २०२५पासून एटीपीच्या स्पर्धांत मातीवरही रेषेचा निवाडा कॅमेरे करतात. त्याच वर्षी माद्रिदमध्ये अलेक्झांडर झ्वेरेवने न पटलेल्या ठशाचा फोनवर फोटो काढला आणि ताकीद ओढवून घेतली. कॅमेऱ्यांच्या बाजूने सांगण्यासारखं खूप आहे, ते मी मान्य करते. भुग्याचा थर सगळीकडे सारखा नसतो. कुठे जाड, कुठे वाऱ्याने उडालेला. त्यामुळे एकाच चेंडूचा ठसा इथे मोठा आणि तिथे लहान उमटतो, आणि डोळा फसतो. पण गवतावर आणि सिमेंटवर नसलेली एक गोष्ट या खेळात होती. दोन माणसं, एक खेळाडू आणि एक पंच, एकाच खुणेवर वाकून तिच्याबद्दल बोलत. निर्णय विरुद्ध गेला तरी तो डोळ्यांसमोर झालेला असे. पुरावा अजूनही इथेच पडून आहे, आणि तो कोणी वाचायचा नाही, हे मला सहन होत नाही. पॅरिसच्या फ्रेंच ओपनने २०२५मध्येही रेषापंच ठेवले. मला वाटतं, त्यांनी बरोबर केलं.

इटालियन बुटाने ठसा पुसतो आणि परत जातो. ब्रेक हुकला.

पात्रता फेरी पाहताना मला सुमित नागल आठवतोच. २०२४मध्ये तो इथे याच वाटेने आला. फ्लाव्हिओ कोबोली आणि फाकुंदो दियाझ अकोस्ता यांना हरवून मुख्य स्पर्धेत पोचला आणि तिथे मातेओ आर्नाल्दीविरुद्ध पहिला सेट गमावून ५-७, ६-२, ६-४ असा जिंकला. मातीवरच्या मास्टर्स १००० स्पर्धेत एकेरीचा मुख्य सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. त्याच्याआधी इथे एकेरीत मुख्य फेरी खेळलेला भारतीय म्हणजे १९८२चा रमेश कृष्णन. मधे बेचाळीस वर्षं गेली. दुहेरीत रोहन बोपण्णाने पाब्लो क्वेवाससोबत २०१७मध्ये इथलं विजेतेपदच मिळवलं, पण एकेरीचा रस्ता बंद होता. नागल युरोपात जाऊन घसरायला शिकला. आपल्या जिमखान्यांतली मातीची कोर्टं एकेक करून सिमेंटची झाली, कारण मातीला रोज पाणी आणि माणूस लागतो. त्याची किंमत आपले खेळाडू इथे येऊन मोजतात.

५-५. अर्जेंटिनीची सर्व्हिस. आणि आता इटालियन काहीतरी वेगळं करतो. फळीपासून निघून तो थेट बेसलाइनवर येऊन उभा राहतो. आजोबा सूचना देणं थांबवतात. सर्व्ह येते, तीच, बाहेर जाणारी, उडणारी. पण या वेळी तो तिला उडूच देत नाही. टप्पा पडल्या पडल्या, कमरेच्या उंचीवर, एका हाताने आखूड फटका. चेंडू अर्जेंटिनीच्या पायांशी पडतो. तो अजून सर्व्हमधून सावरलेलाही नसतो. पुढच्या वेळी हाच प्रयोग जाळीत जातो, तरी इटालियन मागे हटत नाही. तिसऱ्यांदा पुन्हा जमतो. अर्जेंटिनी बाहेरची सर्व्ह सोडून अंगावर टाकू लागतो, आणि तिथे त्याची पहिली सर्व्ह चुकते. दुहेरी चूक. ब्रेक.

७-५ करायला अजून एक गेम लागतो, तो लांबतो, तीनदा ड्यूस होतो. पण दोन तास ज्या चेंडूने त्याला छळलं, तो आता त्याच्याकडे येतच नाही. शेवटचा फटका अर्जेंटिनी लांब मारतो. जाळीपाशी दोघे एकमेकांच्या मानेभोवती हात टाकतात. दोघांचे मोजे गुडघ्यापर्यंत विटकरी.

आजोबा फोन काढून उद्याचं वेळापत्रक शोधू लागतात. मला पडदा दाखवतात, बोट ठेवतात. समोर पुन्हा डावखुराच आहे, सामना सकाळचा आहे, आणि ते विचारतात, तुम्ही येणार ना?