भोपळ्याचा जीव देठात

 

आज आपण बोलणार आहोत तांबड्या भोपळ्याबद्दल. कोणी त्याला लाल भोपळा म्हणतं, कोणी डांगर. परीक्षेत शून्य मिळालं की आपण म्हणतो, पोराला भोपळा मिळाला. म्हणजे भोपळ्याची किंमत शून्य! पण मैत्रिणींनो, चैत्र-वैशाखात घरात भाजीला काही नसतं, तेव्हा माळ्यावर एक भोपळा असेल तर त्याची किंमत काय, हे आपल्याला विचारा.

आपल्या भागाचं पाण्याचं गणित सगळ्यांना माहीत आहे. मुंबईला पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातं. पावसाळ्यात आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, आणि मार्च उलटला की कितीतरी पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. प्यायला पाणी नाही तिथे परसात भाजी कुठून करणार? मग बाजारातून विकत आणायची, नाहीतर वाल, सुकट आणि चटणीवर भागवायचं.

भोपळ्यात दहा भागांतले नऊ भाग पाणीच असतं. म्हणजे पावसाळ्यातलं पाणी साठवून ठेवणारी ही भाजी आहे. पावसावर वाढवा, नीट काढा, नीट ठेवा, आणि उन्हाळ्यात खा. वाढवणं आपल्याला जमतं. आपण चुकतो ते काढताना आणि ठेवताना. आम्ही स्वतः चुकलो, म्हणून आज सांगतो आहोत.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या ११ जणींनी बांधावर आणि परसात भोपळे लावले. पीक छान आलं. एक व्यापारी म्हणाला, सगळे एकदम घेतो. आम्ही घाई केली. अर्धे भोपळे अजून हिरवट होते, तेही तोडले. गोणीत भरताना देठ एकमेकांना टोचतात म्हणून देठ मोडून टाकले. खताच्या रिकाम्या गोण्या भरल्या आणि एका ताईच्या पडवीत एकावर एक रचल्या. व्यापारी काही आला नाही. तीन आठवड्यांत पडवीत वास सुटला. अर्ध्याहून जास्त माल कुजला. दोघी जणी त्या पैशांतून गटाचा हप्ता भरणार होत्या. कोणाचा भोपळा आधी नासला, त्यानं बाकीचे कोणी नासवले, यावरून बोलाचाली झाली. एक ताई दोन बैठकांना आलीच नाही.

मग आम्ही सगळ्यांनी बसून उरलेले चांगले भोपळे बघितले. त्यांतल्या बहुतेकांना देठ शाबूत होता. त्या दिवशी आम्हाला कळलं की भोपळ्याचा जीव देठात असतो.

आता सुरुवातीपासून बघू.

लावणी दोनदा करा. पहिली जूनमध्ये, मृगाचा पाऊस चांगला झाला की. दुसरी गणपतीच्या सुमारास. पहिल्या लावणीचे भोपळे ऑक्टोबरच्या आसपास तयार होतात, ते थंडीत खायला आणि विकायला. दुसऱ्या लावणीचे डिसेंबर-जानेवारीत निघतात, ते उन्हाळ्यासाठी. पाऊस संपल्यावर त्या वेलांना भांडी विसळलेलं आणि भाज्या धुतलेलं पाणी घाला. चार-पाच वेल तेवढ्यावर तग धरतात.

आपल्याकडे पाऊस फार, म्हणून खड्डा करून त्यात बी टाकू नका. पाणी साचतं आणि बी कुजतं. माती आणि दोन पाट्या कुजलेलं शेणखत कालवून वीतभर उंच आळं करा. दोन आळ्यांत सात-आठ फूट अंतर ठेवा. एका आळ्यात तीन बिया लावा, उगवल्यावर जोमदार दोन रोपं ठेवा. वेल बांधावर, कुंपणावर किंवा मांडवावर सोडा. मांडवावरचं फळ मोठं झालं की जुन्या लुगड्याची झोळी करून त्याला आधार द्या. जमिनीवरच्या फळाखाली पेंढा किंवा सपाट दगड ठेवा. ओल्या मातीला टेकलेलं फळ खालून नासतं.

पुष्कळ ताया म्हणतात, वेलाला फुलं भरपूर येतात पण फळ धरत नाही. कारण असं की भोपळ्याला नर फूल आणि मादी फूल वेगळं येतं. आधी नर फुलं येतात, लांब देठाची. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढा छोटा भोपळा असतो. फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. तेवढ्या वेळात मधमाशी यायला हवी. पावसाची झड असली की मधमाशी येत नाही, आणि तो छोटा भोपळा पिवळा पडून गळतो. मग हे काम आपण करायचं. सकाळी लवकर ताजं नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या काढा, आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एका नर फुलानं दोन मादी फुलांचं काम होतं. उरलेल्या नर फुलांची भजी करा, पण सगळी तोडू नका.

तांबडे भुंगेरे कोवळी पानं खातात. सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरा. फळमाशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, मग फळात अळ्या होतात. असं फळ वेलाखाली पडू देऊ नका, गोळा करून खोल पुरा. फळमाशीसाठी क्यू-ल्यूर गंधाचे सापळे मिळतात, गटानं मिळून ते लावले तर सगळ्यांच्या बांधावर उपयोग होतो.

आता काढणी. लावणीपासून साधारण साडेतीन-चार महिन्यांत भोपळा तयार होतो. पण दिवस मोजू नका, फळ बघा. तीन खुणा लक्षात ठेवा. एक, देठ हिरवा राहत नाही, वाळून लाकडासारखा होतो. दोन, सालीवर नख दाबलं तर रुतत नाही. तीन, सालीची हिरवी चकाकी जाऊन ती पिवळट-तपकिरी होते आणि वर पांढुरकी झाक येते. तिन्ही खुणा दिसल्या तरच साठवणीसाठी काढा. कोवळा भोपळा त्याच आठवड्यात भाजीला वापरा, तो टिकणार नाही.

दोन-तीन दिवस उघडीप पडल्यावर, दव वाळल्यावर काढणी करा. हातानं पिरगळून तोडू नका. आपल्याकडे म्हण आहे, विळ्या-भोपळ्याचं सख्य. काढणीला मात्र दोघांची गाठ घालावीच लागते! धारदार विळ्यानं देठ चार बोटं ठेवून कापा. आणि देठाला धरून भोपळा उचलू नका. देठ तुटला की तिथे जखम होते, आणि कूज तिथूनच आत शिरते. लहान बाळासारखा खालून दोन्ही हातांनी उचला. आपटू नका. आपटलेला भोपळा वरून चांगला दिसतो, आतून नासतो.

काढल्यावर लगेच माळ्यावर नेऊ नका. धुऊ तर मुळीच नका, कोरड्या फडक्यानं माती पुसा. मग आठ-दहा दिवस मांडवाच्या सावलीत, वारा लागेल असे सुटे सुटे ठेवा. रात्री दव पडतं, तेव्हा घरात घ्या किंवा झाका. ऑक्टोबरची ऊब या कामाला चांगली. या दिवसांत साल घट्ट होते, बारीक ओरखडे भरून येतात, देठ पुरता वाळतो.

मग साठवण. पूर्वी आपली घरं कौलारू होती, माळ्यावर वारा खेळायचा, चुलीचा धूर लागायचा. आता पत्रे आले. पत्र्याखालचा माळा दुपारी भट्टीसारखा तापतो, तिथे भोपळा लवकर सुकतो आणि नासतो. म्हणून घरातल्या थंड, कोरड्या कोपऱ्यात बांबूची माच करा. सिमेंटच्या लादीवर थेट ठेवू नका, खाली फळी आणि कोरडा पेंढा घाला. एकच थर लावा. एकाला दुसरा टेकू देऊ नका. प्लास्टिकच्या गोणीत भरू नका, आत घाम धरतो. पिकणाऱ्या केळ्यांजवळ किंवा आंब्याच्या अढीजवळ ठेवू नका. उंदीर-घुशींवर लक्ष ठेवा.

प्रत्येक भोपळ्यावर खडूनं काढणीची तारीख लिहा. गटाचे एकत्र ठेवले असतील तर बाईचं नावही लिहा. आमच्यातली भांडणं या एका खडूनं मिटली. आठवड्यातून एकदा सगळे तपासा. देठाजवळ मऊ लागलं, ओल किंवा बुरशी दिसली, की तो बाजूला काढा आणि आधी वापरा. असा निबर भोपळा तीन-चार महिने राहतो, चांगला असला तर त्याहूनही जास्त.

भोपळा चिरला की बिया आणि आतला मऊ गर काढून टाका, आणि दोन-तीन दिवसांत संपवा. चव कडू लागली तर खाऊ नका, टाकून द्या. कडू भोपळ्यानं उलट्या-जुलाब होतात. भाजी, भरीत, घारगे, काहीही करा, पण थोडं तेल घाला. भोपळ्याच्या केशरी रंगापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते डोळ्यांसाठी लागतं, आणि तेलासोबत ते अंगी लागतं. गरोदर बाई आणि लहान लेकरांच्या ताटात तो असावा.

आणखी एक गोष्ट. अख्खा भोपळा बाईनं कापू नये, आधी पुरुषानं सुरी लावावी, असं घरोघर म्हणतात. आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बी मी लावलं, पाणी मी घातलं, डोक्यावरून मी आणला. मग घरी पुरुष येईपर्यंत पोरं उपाशी ठेवू का?" सगळ्या हसल्या. त्या दिवशी आजींनीच भोपळा कापला. ज्यांना रीत पाळायची त्यांनी पाळावी, पण भाजी अडू नये.

शेवटी बियांचं. संकरित बियाण्याच्या पाकिटातून आलेल्या फळाचं बी पुन्हा तसंच निघेल याची खात्री नसते. गावठी बी असेल तर जपा. बाहेरून आणायचं असेल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे अर्का चंदन हे दोन-तीन किलोच्या फळाचं वाण आहे. छोट्या कुटुंबाला आणि बाजारात अख्खा विकायला ते सोयीचं.

घरचं बी धरताना आम्ही एक नियम केला आहे. सगळ्यात मोठ्या भोपळ्याचं बी धरायचं नाही. जो भोपळा सगळ्यात जास्त दिवस टिकला, त्याचं बी धरायचं. ते धुऊन सावलीत वाळवायचं, राख चोळून कोरड्या बाटलीत भरायचं, आणि गटातल्या प्रत्येकीला दहा-दहा बिया वाटायच्या. बैठकांना न येणारी ती ताई यंदा परत आली, आणि यंदाचं बी तिच्याच भोपळ्याचं आहे. तो होळीनंतरही चांगला होता.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, कोणाच्या घरी कुठला भोपळा अजून टिकून आहे? असेल तर त्याचं बी मागून घ्या.