चौथा नट

"बीपीपीला कोण उभं राहणार?"

"तिला पाठवू. तिचं इंग्लिश फाडफाड आहे."

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये हे मी कानानं ऐकलं. जिगवर रेसिंग कारची चेसी चढवलेली, पोरांचे हात कोपरापर्यंत काळे, आणि 'तिला' म्हणजे जिनं या गाडीचा एक स्पॅनरही उचललेला नव्हता तिला. मला बोलावलं होतं रंगीत तालमीचा परीक्षक म्हणून. भोसरीच्या एका कारखान्यात कॉस्टिंगमध्ये माझी हयात गेली; तेवढीच माझी लायकी.

बीपीपी म्हणजे बिझनेस प्लॅन प्रेझेंटेशन. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांमधली ही एक फेरी. १९८१ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात फॉर्म्युला एसएई सुरू झाली, १९९८ मध्ये ती कल्पना इंग्लंडला पोचली, २००६ पासून जर्मनीतही स्पर्धा भरू लागली. आपल्याकडची फॉर्म्युला भारत कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते. एकूण गुण १,०००. लोकांना वाटतं, सगळे पळण्याचे. पण गाडी जागेवर उभी असताना ३२५ गुण ठरतात: रचनेचे १५०, खर्चाचे १००, आणि या बीपीपीचे ७५. परीक्षकांना गुंतवणूकदार समजायचं आणि ही गाडी धंदा म्हणून कशी चालेल ते दहा मिनिटांत पटवायचं.

मुलांनी सादरीकरण सुरू केलं. तिसऱ्याच स्लाइडवर भारताची लोकसंख्या आली. त्यातले तरुण इतके, त्यातले गाडीचे शौकीन इतके, 'आणि सर, आपण फक्त एक टक्का धरलाय.' हा एक टक्का मी पुढं प्रत्येक संघाकडून ऐकला. नम्रपणे मागितलेला म्हणून तो कुणी नाकारणार नाही अशी समजूत असते. मी विचारलं, "त्या एक टक्क्यातल्या एका माणसाचं नाव सांगा." वर्कशॉपमधला पंखा तेवढा वाजत राहिला.

मग मी त्यांना एखादी केस, म्हणजे खऱ्या धंद्याचा घडलेला प्रसंग, सोडवायला द्यायचं ठरवलं. ही पद्धत मुळात वकिलांची. हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात लँगडेल यांनी १८७० मध्ये निकालपत्रांवरून कायदा शिकवायला घेतला. तिथल्याच बिझनेस स्कूलनं ती उचलली आणि १९२१ मध्ये आपली पहिली लेखी केस काढली, ती एका बुटांच्या कंपनीची. अहमदाबादचं आयआयएम १९६१ साली हार्वर्डच्या सहकार्यानं उभं राहिलं, त्याबरोबर ही पद्धत आपल्याकडे रुजली. अभियांत्रिकीच्या मुलांपर्यंत मात्र ती उशिरा आणि अर्धवट आली. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात एंजकॉम नावाची केस स्पर्धा होते; चौघांच्या संघात दोघं अभियांत्रिकीचे, दोघं वाणिज्याचे. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे चौघंही मेकॅनिकलचे असतात, आणि धंदा म्हणजे बोलणं अशी चौघांचीही खात्री असते.

तालीम म्हणून मी त्यांना परकी केस दिली नाही. टाटांची नॅनो गाडी दिली. या पोरांपैकी अनेकांचा जन्म तिच्या आगेमागेचा. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी ती स्वतः चालवत मंचावर आणली. पुण्याच्या गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या तुकडीनं ती घडवली. मागच्या बाजूला ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, वायपर एकच, डिकी बाहेरून न उघडणारी, आणि चाकाला चार ऐवजी तीन नट.

मुलांचे डोळे त्या तीन नटांवर चमकले. मग आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. समजा, नट आणि त्याचा बोल्ट मिळून दहा रुपये. चार चाकांचे वाचले ४०. नॅनोच्या साणंदच्या कारखान्याची क्षमता होती वर्षाला अडीच लाख गाड्यांची. म्हणजे वर्षाला एक कोटीची बचत. वर्कशॉपमध्ये टाळ्या पडल्या. मलाही पडू द्याव्याशा वाटल्या. मी तीस वर्षं असेच चाळीस रुपये शोधत होतो.

पुढचा आकडा एका मुलाला मोबाइलवर शोधायला सांगितला. नॅनोचं सगळ्यात चांगलं वर्ष २०११-१२. खप ७४,५२७.

आता समजा, कारखान्याला दोन हजार कोटी लागले आणि ते पाच वर्षांत वसूल करायचे आहेत. वर्षाला ४०० कोटी. अडीच लाख गाड्या खपल्या तर एका गाडीवर त्याचा बोजा १६,००० रुपये. ७४,५२७ खपल्या तर ५३,६७० च्या वर. हातातला खडू खाली ठेवून एकजण म्हणाला, "सर, नटाचे चाळीस वाचवले आणि इकडं सदतीस हजार गेले?" माझे आकडे समजुतीचे होते, पण त्याला गोष्ट कळली. फळ्यावर ती डोळ्यांनी दिसली, हे महत्त्वाचं. वर्गात 'स्थिर खर्च' ही व्याख्या त्यानं पाठ केलीच होती.

मग गिऱ्हाईक कुठं गेलं? कारखाना आधी जिथं होणार होता ते सिंगूर सोडावं लागलं, गाड्या उशिरा आल्या, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या झाल्या, हे सगळं खरं. पण 'सर्वात स्वस्त गाडी' असा शिक्का बसला ही चूक झाली, असं खुद्द रतन टाटांनी पुढं बोलून दाखवलं. दारात उभी राहणारी गाडी स्वस्त आहे हे शेजाऱ्याला कळावं, असं कोणत्या बापाला वाटेल?

दुसऱ्या दिवशी जोडीला टाटा एस ठेवली, गावोगावचा 'छोटा हाथी'. २००५ सालची. माणसं तीच, पुणं तेच, इंजिनही दोनच सिलिंडरचं, फक्त डिझेलचं. आराखड्याआधी ही मंडळी तीनचाकी टेम्पोवाल्यांना भेटत हिंडली होती. चार चाकं असली की गावात पत वाढते, स्थळंही बरी येतात, असं एका टेम्पोवाल्यानं त्यांना सांगितल्याचा किस्सा या प्रकल्पाबद्दल नेहमी सांगतात. एस घेणारा माणूस हप्ता फेडायला तीच गाडी जुंपतो. नॅनो घेणाऱ्याचा हप्ता पगारातून जातो. माझ्या मते दोन्ही केसचं मर्म एवढ्यात आहे, आणि ते कुठल्याही ड्रॉइंगमध्ये सापडत नाही.

पोरं आता नाव शोधायला बाहेर पडली. गो-कार्टच्या ट्रॅकवाल्यांना फोन केले, दोन ठिकाणी जाऊन बसली. गिऱ्हाईक 'भारतातले तरुण' नव्हतेच. शनिवार-रविवार गाड्या भाड्यानं देणारा ट्रॅकवाला होता. हिशेब असा आला: गाडी आठ लाखांची. पंधरा मिनिटांचे हजार रुपये. टायर, इंधन, मेकॅनिक वजा जाता हाती ४००. म्हणजे पैसे सुटायला दोन हजार फेऱ्या. आठवड्याला वीस धरल्या तर शंभर आठवडे. चार महिने पावसाळा सोडा, म्हणजे जवळजवळ तीन वर्षं.

"तीन वर्षं गाडी टिकेल का?" एका ट्रॅकवाल्यानं विचारलं म्हणे. "रोज कुणीतरी आपटणार."

तो प्रश्न घेऊन पोरं परत आली ती सरळ गाडीकडे. पुढचं नाक बोल्ट खोलून काढायला वीस मिनिटं लागत होती; ते अर्ध्या फेऱ्यात सुटेल अशी खिट्टी बसवली. पेडल पुढंमागं सरकतील असे केले, कारण भाड्यानं बसणारा सहा फुटी असेल किंवा पाच फुटी. सस्पेन्शन बघणारा मुलगा कुरकुरला, वजन वाढलं म्हणून. भांडण झालं. मला बरं वाटलं. त्या दिवसापासून बीपीपी ही 'तिची' राहिली नाही.

बाकीची तयारी सांगण्यासारखी फार नाही. प्रत्येक आकड्याला एक मालक नेमला. 'हा कुठून आला?' असं विचारलं की त्यानंच उत्तर द्यायचं. स्लाइड तेवीसच्या नऊ झाल्या. सगळं एकदा मराठीत बोलून घेतलं, कारण इंग्रजीत न समजलेलं वाक्यही दिमाखात म्हणता येतं, मराठीत जीभ अडखळते. एकीनं किराणा दुकान चालवणाऱ्या मामाला सगळा प्लॅन सांगितला. मामा म्हणाला, "उधारी किती दिवसांची धरलीस?" धरलीच नव्हती. मलाही ते सुचलं नव्हतं.

स्पर्धेत त्यांचा कितवा नंबर आला ते इथं लिहीत नाही; शर्यतीत गाडी बंद पडली तर बीपीपीचे ७५ गुण काही वाचवू शकत नाहीत, आणि तेही बरोबरच आहे.

वाचकांत कुणी कारखान्यात, बँकेत, दुकानात आयुष्य घालवलेलं असेल तर त्यांना एक विनंती. या स्पर्धांची तयारी दिवाळीनंतर जोर धरते. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जा, वर्कशॉप विचारा आणि दोन तास बसून त्या पोरांना उलटसुलट प्रश्न करा. चहा तिथं बरा मिळतो.